गंधकाचे रेणू आकाशात शोधायचे, तर आधी टेबलावर काय मोजायचं?

प्रश्न पुण्यात भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करणाऱ्या एका विद्यार्थिनीचा आहे. थोडक्यात असा: ताऱ्यांमधल्या दाट मेघांत गंधक ‘हरवलेला’ आहे आणि तो शोधण्यासाठी गंधक असलेले रेणू आधी प्रयोगशाळेत मोजतात, असं वाचनात येतं. पण रेणूची रचना ठाऊक असेल तर तो सोडतो त्या रेडिओ लहरींची वारंवारता संगणकावर काढता येते ना, मग मोजायचं कशाला? मोजतात ते कसं? आणि खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण एवढी जवळ असताना पुण्यात राहून यातलं काय जमेल?

हरवला म्हणजे हिशेब लागत नाही, एवढंच. सूर्याच्या घटकांवरून पाहिलं तर दर दहा लाख हायड्रोजन अणूंमागे साधारण १३ गंधकाचे अणू असायला हवेत. विरळ मेघांत ते जवळपास भरतात. थंड, दाट मेघांत मात्र आजवर सापडलेल्या सगळ्या गंधकी रेणूंची बेरीज केली तरी ती अपेक्षेच्या एक टक्क्यापलीकडे फारशी जात नाही. उरलेला धुळीच्या कणांवर बर्फात अडकला असावा, हे बहुतेकांना मान्य आहे; कुठल्या रूपात, यावर मात्र वाद आहेत. कार्बोनिल सल्फाइड, म्हणजे ओसीएस, बर्फात नक्की दिसतो, पण तो पुरत नाही. म्हणून यादीत नसलेले रेणू शोधायचे.

आता ‘मोजायचं कशाला’. फिरता रेणू ठरावीक वारंवारतांच्याच लहरी सोडतो; अशी प्रत्येक वारंवारता म्हणजे स्पेक्ट्रममधली एक रेषा. उत्तम दर्जाचं क्वांटम केमिस्ट्रीचं गणित केलं, गंधकासाठी लागणारी जादा डी-फलनं बेसिस सेटमध्ये, म्हणजे इलेक्ट्रॉनांचं वर्णन करणाऱ्या फलनांच्या संचात, घातली (नवखे हीच विसरतात), कंपनांची दुरुस्ती जोडली, तरी रेषांची जागा ठरवणाऱ्या फिरण्याच्या स्थिरांकात हजारात एक एवढी चूक गृहीत धरावी लागते. ४० गिगाहर्ट्झवर हजारात एक म्हणजे ४० मेगाहर्ट्झ. वृषभ राशीतल्या टीएमसी-१ मेघात रेषेची रुंदी सेकंदाला सुमारे ०.६ किलोमीटर असते (डॉप्लर परिणामामुळे ती वेगात सांगतात), म्हणजे तिथे जेमतेम ८० किलोहर्ट्झ. तुमच्या गणिताने दाखवलेल्या खिडकीत अशा हजार रेषा शेजारी शेजारी उभ्या राहतील. त्यातली तुमची कुठली? स्पॅनिश चमूने येबेसच्या ४० मीटर दुर्बिणीने ३१ ते ५० गिगाहर्ट्झचा जो पट्टा उकरून काढला आहे, त्यात अजूनही बेनावाच्या रेषा पडून आहेत. अशा गर्दीत गणिताच्या भरवशावर नाव ठेवणं म्हणजे लक्ष्मी रोडवर दिवाळीच्या आदल्या संध्याकाळी ‘निळा शर्ट घातलेला माणूस’ शोधणं.

बरं, प्रयोगशाळेत मोजलं म्हणजेही सुटलो असं नाही. कुठे मोजलं हे महत्त्वाचं. हा मुद्दा आकड्यांनीच कळतो, तेव्हा ओसीएस घेऊ. सरळ रेणू आहे, प्रत्येक प्रयोगशाळेत यंत्र जुळवायला हाच वापरतात. त्याच्या रेषेची वारंवारता म्हणजे २ × बी × क्रमांक, वजा ४ × डी × क्रमांकाचा घन. बी हा फिरण्याचा स्थिरांक, ६०८१.४९२ मेगाहर्ट्झ. डी म्हणजे फिरताना रेणू ताणला जातो त्याची दुरुस्ती, १.३०१ किलोहर्ट्झ. पहिली रेषा येते १२१६२.९७९ मेगाहर्ट्झवर, तिथे डीचा वाटा फक्त ५ किलोहर्ट्झ, असून नसल्यासारखा. नववी रेषा येते १०९४६३.०६ वर. १९७१ साली धनू राशीतल्या सॅजिटेरियस बी-२ मेघात ओसीएस सापडला तो याच रेषेवर. इथे डी विसरलात तर ३.८ मेगाहर्ट्झने चुकाल.

डी विसरलो नाही, पण फक्त पहिल्या दोन रेषा मोजल्या, आणि दोन्ही अगदी २ किलोहर्ट्झपर्यंत अचूक, असं समजा. दोन समीकरणं सोडवून नववी रेषा काढली की पहिल्या रेषेतली चूक २३१ पटीने आणि दुसरीतली १२० पटीने वाढून येते. एकूण अर्धा मेगाहर्ट्झ. म्हणजे सेकंदाला १.४ किलोमीटर, टीएमसी-१ मधल्या रेषेच्या रुंदीच्या दुपटीहून जास्त. मोजमाप निर्दोष, भाकीत निरुपयोगी. हे गणित कागदावर एकदा स्वतः करून बघा. दुर्बीण ज्या पट्ट्यात बघणार, त्या पट्ट्यात किंवा त्याच्या वर निदान काही रेषा मोजलेल्या हव्यात.

म्हणून यंत्रं दोन जातींची लागतात. खालच्या पट्ट्यासाठी, साधारण २ ते २६ गिगाहर्ट्झ, निर्वातात वायूचा झोत सोडून त्यावर मायक्रोवेव्हचा ठोका मारायचा आणि रेणू नंतर जे गुणगुणतात ते ऐकायचं. बॉल आणि फ्लायगेअर यांनी १९८१ मध्ये दोन अंतर्वक्र आरशांमध्ये हे केलं. ती पद्धत अतिशय संवेदनशील, पण आरशांची जोडी एका वेळी जेमतेम १ मेगाहर्ट्झ ऐकते. ०.४ मेगाहर्ट्झच्या पावलांनी १०० मेगाहर्ट्झ चाळायचे, प्रत्येक पावलाला १०० ठोके, सेकंदाला १० ठोके, तर पाऊण तास जातो, आरसे हलवण्याचा वेळ वेगळा. ब्रुक्स पेट यांच्या गटाने २००८ मध्ये रूढ केलेली चर्प पद्धत एका मायक्रोसेकंदाच्या आसपासच्या, वारंवारता सरकत जाणाऱ्या एकाच ठोक्यात कित्येक गिगाहर्ट्झ एकदम उठवते. एकेका रेषेला संवेदना कमी, पण सगळं एकत्र दिसतं. नवा रेणू असेल तर आधी चर्पने चाळायचं आणि मग आरशांमध्ये नेमकं मोजायचं, हाच क्रम शहाणपणाचा. ज्यांच्याकडे एकच यंत्र घेण्याइतके पैसे आहेत त्यांनी माझ्या मते चर्प घ्यावं.

वरच्या पट्ट्यासाठी साधी शोषण-नळी पुरते: काचेची एक-दोन मीटरची नळी, १ ते ३ पास्कल दाब, सिंथेसायझर म्हणजे ठरवलेली वारंवारता देणारं यंत्र, त्यानंतर ती पटीत वाढवणारी साखळी, शेवटी लहर टिपणारा डायोड. वारंवारता किंचित थरथरवून लॉक-इनने, म्हणजे त्या थरथरीच्या तालातलाच सिग्नल वेचणाऱ्या यंत्राने, दुसरा हार्मॉनिक (थरथरीच्या दुप्पट वारंवारतेचा भाग) घ्यायचा. खोलीच्या तपमानाला १०० गिगाहर्ट्झवर ओसीएसची रेषा १६० किलोहर्ट्झ रुंद होते, तरी तिचा मध्य १०–२० किलोहर्ट्झपर्यंत पकडता येतो. यात फार सांगण्यासारखं नाही. चालू झालं की चालतं. खरा जीव खातं ते झोताचं यंत्र.

त्या झोतात गंधकी रेणू बनवायचा कसा, ते जवळून पाहू. आकाशात सापडणारे बरेचसे गंधकी रेणू बाटलीत मिळत नाहीत, विजेच्या ठिणगीत जागेवर बनवावे लागतात. अर्धा ते एक मिलिमीटर छिद्राचा सोलेनॉइड व्हॉल्व्ह, त्याच्या तोंडाला टेफ्लॉनची चकती, तांब्याची चकती, पुन्हा टेफ्लॉन, पुन्हा तांबं, आणि या सगळ्यांतून आरपार काही मिलिमीटरची वाट. हे सगळं मिळून नोझल. दोन तांब्यांमध्ये ८०० ते १५०० व्होल्ट आणि ओळीत काही किलोओहमचा रेझिस्टर. हा रेझिस्टर गाळलात तर ठिणगीचा कमान-प्रवाह (आर्क) होतो, तांबं उडतं आणि सगळे रेणू कार्बन होऊन बसतात. व्हॉल्व्ह ३०० ते ५०० मायक्रोसेकंद उघडतो, ठिणगी वायू वाटेत असतानाच पडते, आणि झोत निर्वातात पसरताना काही केल्व्हिनपर्यंत थंड होतो. त्यामुळे सगळे रेणू ऊर्जेच्या खालच्या पायऱ्यांवर येतात आणि टीएमसी-१ च्या १० केल्व्हिनशी नातं जमतं.

सीसीएस आणि सी-थ्री-एस (गंधकाच्या एका अणूला दोन किंवा तीन कार्बन) यांसाठी मिश्रण: रिकाम्या सिलिंडरमध्ये आधी १५ मिलिबार कार्बन डायसल्फाइडची (सीएस-टू) वाफ, मग २५ मिलिबार अ‍ॅसिटिलीन, मग निऑनने एकूण ५ बार. म्हणजे ०.३ आणि ०.५ टक्के. रात्रभर तसंच ठेवायचं, नाहीतर पहिल्या तासाला एक मिश्रण आणि दुपारी दुसरं. अ‍ॅसिटिलीनच्या सिलिंडरमध्ये तो अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवलेला असतो, हे लक्षात ठेवा. सिलिंडर संपत आला की अ‍ॅसिटोन जास्त येतो आणि स्पेक्ट्रममध्ये अ‍ॅसिटोनच्या रेषांचं जंगल उगवतं. मध्ये कोरड्या बर्फाचा सापळा ठेवावा. आणि अ‍ॅसिटिलीनला तांब्याची नळी कधीही लावायची नाही, कॉपर अ‍ॅसिटिलाइड स्फोटक आहे. नळ्या स्टेनलेस स्टीलच्याच.

मोठ्या रेणूंसाठी उलटं करतात: मोठाच रेणू घेऊन त्याची मोडतोड. अलीकडे आकाशगंगेच्या मध्याजवळच्या जी+०.६९३ मेघात तेरा अणूंचा, सहाच्या कड्याचा एक गंधकी रेणू ओळखला गेला. त्याचा प्रयोगशाळेतला स्पेक्ट्रम थायोफिनॉलच्या वाफेत १००० व्होल्टची ठिणगी पाडून मिळवला होता. थायोफिनॉलला वाफेचा दाब कमी, त्यामुळे असल्या पदार्थांसाठी नोझलमागे छोटं तापतं भांडं लागतं, आणि भांड्यापेक्षा पुढची वाट नेहमी थोडी जास्त गरम ठेवायची. नाहीतर पदार्थ व्हॉल्व्हच्या तोंडाशी जमतो.

बिघडतं काय काय? गंधक तांब्याला काळं करतो, कॉपर सल्फाइडचा थर चढतो, आणि कार्बनचा तपकिरी-काळा लेप टेफ्लॉनवरून एका इलेक्ट्रोडपासून दुसऱ्यापर्यंत पोचला की वीज वायूतून न जाता लेपातून जाते. ऑसिलोस्कोपवर ठिणगीचा प्रवाह नेहमीच्या आकाराचा दिसेनासा झाला, वायू बंद केला तरी वाहतच राहिला, की नोझल काढायची. सीएस-टू आणि अ‍ॅसिटिलीनवर दिवसाला एकदा साफ करणं धरूनच चालावं. पुण्यात जून ते सप्टेंबर यात हवेच्या दमटपणाची भर पडते: उच्च व्होल्टेजच्या फीडथ्रूच्या, म्हणजे चेंबरच्या भिंतीतून वीज आत नेणाऱ्या जोडाच्या, बाहेरच्या बाजूने वीज सरपटते, ठिणगी अनियमित होते, आणि माणूस दोन दिवस नोझलच उघडत बसतो. सिलिका जेलचा छोटा डबा त्या कनेक्टरभोवती बसवला की काम भागतं.

दुसरा रोग संदर्भ घड्याळाचा. सिंथेसायझर, चर्प बनवणारा जनरेटर आणि स्कोप, तिन्हींना एकाच १० मेगाहर्ट्झच्या रुबिडियम किंवा जीपीएस संदर्भावर बांधलं नाही, तर दहा लाख ठोक्यांची सरासरी घेताना रेणूचा सूर स्वतःलाच पुसून टाकतो. एकेका ठोक्यात रेषा दिसते आणि सरासरी वाढवली की नाहीशी होते, असं झालं तर रसायनशास्त्राला दोष न देता केबल तपासा. याउलट, गॅस बंद करूनही जी रेषा टिकते ती इलेक्ट्रॉनिक्सची. १०, १००, २५० मेगाहर्ट्झच्या पटीत अशा रेषा हमखास असतात. खालच्या पट्ट्यात काम असेल तर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झचं वाय-फाय आणि ३.३ गिगाहर्ट्झच्या वरचं फाइव्ह-जी केबलच्या जोडांतून आत शिरतं. फोन खोलीबाहेर ठेवून बघा, मग जोड आवळा.

आरशांच्या यंत्रात झोत अक्षाच्या दिशेने सोडला तर प्रत्येक रेषा जोडीने येते. निऑनचा झोत सेकंदाला ७८० मीटर धरला तर १२ गिगाहर्ट्झवर दोन शिखरांत सुमारे ६२ किलोहर्ट्झचं अंतर पडतं, आर्गनमध्ये त्याहून कमी. खरी वारंवारता दोघांच्या मध्यावर. नवखे कधीकधी जोडीतलं एकच शिखर कॅटलॉगमध्ये, म्हणजे रेषांच्या यादीत, घालतात, आणि हायपरफाइनचे फाटे (अणुकेंद्रामुळे एका रेषेच्या झालेल्या बारीक फोडी) असतील तर कुठलं शिखर कुणाचं याचा घोळ होतो.

एसओ, सीसीएस, एचसीएस असल्या रेणूंमध्ये बिनजोडीचे इलेक्ट्रॉन असतात, त्यामुळे ते चुंबकाला ओळखतात. पृथ्वीचं चुंबकक्षेत्र इथे ०.४ गॉसच्या आसपास. तेवढ्याने अशा रेणूची रेषा मेगाहर्ट्झच्या घरात फाटून पसरू शकते आणि तुम्हाला दिसतच नाही. तीन दिशांना तारांच्या वेटोळ्यांच्या जोड्या लावून क्षेत्र शून्याजवळ आणायचं. याचा फायदाही आहे: अनोळखी रेषा दिसली की चेंबरजवळ एक साधं चुंबक धरायचं. रेषा विरली तर मुक्त-मूलक, म्हणजे बिनजोडीच्या इलेक्ट्रॉनचा रेणू; तशीच राहिली तर बंद कवचाचा, म्हणजे सगळे इलेक्ट्रॉन जोडीत असलेला. ओळख पटवण्याची याहून स्वस्त चाचणी नाही.

ओळख पटवणं हाच या कामाचा गाभा आहे, वारंवारता मोजणं त्यामानाने सोपं. ठिणगीत एकाच वेळी पन्नास गोष्टी बनतात. रेषा गंधकाच्याच रेणूची कशावरून? पहिली पायरी, सीएस-टू काढून तेवढंच अ‍ॅसिटिलीन ठेवायचं. रेषा गेली पाहिजे. मग गंधक वेगळ्या पदार्थातून द्यायचा, उदाहरणार्थ हायड्रोजन सल्फाइडमधून. रेषा परत आली पाहिजे. शेवटची आणि निर्णायक पायरी म्हणजे गंधक-३४. निसर्गात गंधकाचे ९५ टक्के अणू वजन ३२ चे आणि सुमारे ४.३ टक्के ३४ चे. रेणूच्या रचनेवरून गंधक-३४ ची रेषा कुठे सरकेल हे बरंच नेमकं सांगता येतं, कारण मुख्य रेणूत गणित आणि मोजमाप यांचं जे गुणोत्तर आलं तेच इथे लावायचं. ओसीएसची पहिली रेषा १२१६३ वरून ११८६५.७ मेगाहर्ट्झला जाते. तिथे मूळ रेषेच्या बावीसाव्या हिश्शाची रेषा मिळाली की वाद संपतो. त्यासाठी मूळ रेषा गोंगाटाच्या निदान शंभर पट उंच हवी. तेवढ्याच वेळात गंधक-३४ ची चार-साडेचार पट येईल, आणि तेवढं जेमतेम पुरतं. मूळच रेषा दहा पट असेल तर आधी रसायन सुधारा, नुसती सरासरी वाढवून भागणार नाही.

आकाशातून टेबलाकडे असा उलटा प्रवासही झाला आहे. जपानच्या नोबेयामा इथल्या ४५ मीटर दुर्बिणीला टीएमसी-१ मध्ये ४५.३७९ गिगाहर्ट्झवर एक ठसठशीत रेषा दिसत होती, नाव नव्हतं. १९८७ मध्ये सायतो आणि सहकाऱ्यांनी प्रयोगशाळेत सीसीएस बनवून मोजला तेव्हा ती त्याची निघाली. १९८१ मध्ये एचसीएस-प्लस आधी आकाशातल्या समप्रमाणात येणाऱ्या रेषांवरून ओळखला गेला आणि लगेच प्रयोगशाळेत पक्का झाला.

मोजून झालं की पिकेट यांच्या एसपीफिट प्रणालीत रेषा बसवायच्या, एसपीकॅटने कॅटलॉग काढायचा, कलोनच्या सीडीएमएस संग्रहात असतो तसा. इथे एक सवय लावून घ्या: भाकितासोबत येणारी अनिश्चितता वाचा. आणि दुर्बिणीच्या आकडेवारीत शोधताना सापडलेल्या रेषांपेक्षा न सापडलेल्या मोजा. कॅटलॉग म्हणतो दहा रेषा दिसायला हव्यात, त्यातल्या सात आहेत आणि तीन नाहीत, त्या तीन दुसऱ्या कुठल्या रेषेखाली दबलेल्याही नाहीत, तर रेणू सापडलेला नाही. जी+०.६९३ सारख्या मेघात रेषा सेकंदाला २० किलोमीटर रुंद, म्हणजे ४५ गिगाहर्ट्झवर ३ मेगाहर्ट्झ. तिथे योगायोगाने जुळणं फार सोपं असतं.

वासाबद्दल बोलायलाच हवं. हायड्रोजन सल्फाइड सुरुवातीला सडक्या अंड्यासारखा येतो, पण दहा लाखांत १०० भागांच्या आसपास नाकच बधिर होतं. वास गेला म्हणजे गळती थांबली, असं कधीही समजू नये. दारात आणि पंपाजवळ डिटेक्टर हवाच. कार्बन डायसल्फाइड तर १०० अंशांच्या आसपासच्या गरम पृष्ठभागानेही पेट घेतो, तेव्हा जवळ तापती प्लेट किंवा सोल्डरिंग आयर्न नको. पंपाचा निकास आधी सोडियम हायड्रॉक्साइडमधून आणि मग हायपोक्लोराइडमधून न्यायचा, हायपोक्लोराइडमध्ये आम्ल पडू द्यायचं नाही. द्रव नायट्रोजनच्या सापळ्यात दिवसभराचं विष साठलेलं असतं. वीज गेली आणि सापळा गरम झाला की ते सगळं एकदम बाहेर येतं. म्हणून सापळा संध्याकाळी पंप चालू असताना, निकास जोडलेला असताना, सावकाश गरम करायचा. डिफ्युजन पंपावरचा गेट व्हॉल्व्ह वीज जाताच आपोआप बंद होणारा घ्या. एवढा खर्च करायचा नसेल तर गंधकावर काम करू नका.

आता खोडद. जीएमआरटीच्या ४५ मीटरच्या तीस दुर्बिणी जास्तीत जास्त सुमारे १४५० मेगाहर्ट्झपर्यंत ऐकतात. कार्बन मोनोसल्फाइडची सर्वांत खालची रेषा ४८.९९ गिगाहर्ट्झवर, म्हणजे जवळजवळ ३४ पट वर. तिची लाट ६ मिलिमीटरची, आणि त्या तबकड्यांच्या जाळीची भोकंच १० ते २० मिलिमीटरची. विषय संपला. एक गंमतीचा अपवाद आहे, थायोफॉर्मल्डिहाइड. हा रेणू किंचित असममित असल्यामुळे त्याच्या पायऱ्या जोडीने फाटतात आणि त्या फटीच्या रेषा फार खाली येतात: १०४६.५, ३१३९.४, ६२७८.६ मेगाहर्ट्झ, म्हणजे १ : ३ : ६. मधल्या रेषेवर तो १९७३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या पार्क्स दुर्बिणीने सॅजिटेरियस बी-२ मध्ये पहिल्यांदा पकडला. सर्वांत खालची जीएमआरटीच्या वरच्या पट्ट्याच्या अगदी कडेवर बसते. पण तिथेच विमानांची अंतरमापक यंत्रणा बोलते, ९६० ते १२१५ मेगाहर्ट्झमध्ये. प्रबंधासाठी मी हा विषय सुचवणार नाही.

पुण्यात खरंच करण्यासारखं दोन प्रकारचं आहे. एक, झोताचं नोझल आणि शोषण-नळी उभी करणं. टेफ्लॉन-तांब्याच्या चकत्या भोसरीतला चांगला टर्नर सहज करून देतो; चित्रावर छिद्रांची एककेंद्रता ०.१ मिलिमीटर असं लिहून द्या, न लिहिल्यास वाट वाकडी येते. रेझिस्टर आणि तारा तापकीर गल्लीत मिळतील, उच्च व्होल्टेजचे कनेक्टर मात्र तिथले घेऊ नका. दोन, ज्याला पैसे लागत नाहीत: चिलीतल्या अल्मा दुर्बिणीची निरीक्षणं सहसा वर्षभरानंतर सर्वांना खुली होतात. ती उतरवण्याआधी चॅनेलची रुंदी बघा. रुंद पट्ट्याच्या निरीक्षणांत ती बहुधा ४८८ किलोहर्ट्झ असते, १०० गिगाहर्ट्झवर सेकंदाला दीड किलोमीटर. सेकंदाला चार-पाच किलोमीटर रुंद रेषांच्या गरम गाभ्यांना (नवे तारे जन्मत असलेल्या जागांना) ती चालते, टीएमसी-१ सारख्या थंड मेघाला नाही. पहिला रेणू म्हणून मिथाइल मर्कॅप्टन घ्या. १९७९ पासून माहीत आहे, कॅटलॉग पक्का आहे, आणि मिथाइल गट आतल्या आत फिरत असल्यामुळे रेषा ज्या तऱ्हेने फाटतात त्या ओळखायला शिकाल. गंधक-३४ ची प्रत सापडते का, ते त्याच फाइलमध्ये लगेच बघून घ्या.